एअर-असिस्टेड स्प्रेचं टायमिंग: बेंचवर पहिल्यांदा उभे राहणाऱ्यांसाठी

"दादा, इंजेक्शन टायमिंग किती ठेवायचं?" एअर-असिस्टेड इंजेक्शनवर (दाबाखालच्या हवेच्या मदतीने इंधन फवारण्यावर) प्रोजेक्ट घेतलेली मुलं पहिल्या भेटीत हमखास हे विचारतात. गोव्यात फर्मागुडी असो, वेर्णा असो की फातोर्डा, प्रश्न तोच. एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण इथे टायमिंग एक नसून चार आहेत. ही चार कशी सांभाळायची, आणि एक हलवलं की फवाऱ्याचं काय होतं, एवढंच या लेखात आहे. लेख शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इंजिनाची तोंडओळख आणि थोडं थर्मोडायनॅमिक्स येतं असं धरून चाललो आहे.

१. आधी चार कडा ओळखा

साध्या पेट्रोल इंजेक्टरमध्ये एकच व्हॉल्व्ह असतो. इथे दोन असतात. पहिला इंजेक्टर इंधन मोजून एका छोट्या पोकळीत सोडतो. या पोकळीत आधीपासून दाबाखालची हवा असते. दुसरा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला उघडणारा पॉपेट असतो. तो उघडला की हवा आणि इंधन एकत्रच सिलिंडरमध्ये झेपावतात. इंधनाचे थेंब फोडण्याचं काम इथे हवा करते, म्हणून शंभर-दोनशे बारचा पंप लागत नाही.

म्हणजे वेळेच्या कडा चार झाल्या: इंधन सुरू, इंधन बंद, हवा सुरू, हवा बंद. 'इंधन बंद' ते 'हवा सुरू' या मधल्या काळाला पुढे मी 'गॅप' म्हणणार आहे. इंधन बंद होण्याआधीच हवेचा व्हॉल्व्ह उघडला तर गॅप उणे. वहीच्या पहिल्या पानावर या चार कडांची आकृती काढा आणि मोजमाप सिग्नलपासून आहे की व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष हालचालीपासून, ते शेजारी लिहा. हे न ठरवता घेतलेले आकडे पुढे कशाशीच जुळत नाहीत.

हे तंत्र प्रयोगशाळेपुरतं नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ऑर्बिटल कंपनीने ते दोन-स्ट्रोक इंजिनांसाठी वाढवलं. मर्क्युरीच्या ऑप्टिमॅक्स आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे लावायच्या इंजिनात) ते 1996 मध्ये आलं, आणि आपल्याकडे बजाजने 2007 मध्ये जीडीआय (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी) रिक्षा काढली तीही याच घराण्यातली. हल्ली जड इंधनावर चालणाऱ्या छोट्या ड्रोन-इंजिनांत ते वापरतात, कारण रॉकेलसारखं सहज न उडणारं इंधनसुद्धा हवा बारीक फोडू शकते.

२. सामान आणि कागद

जमवायला सगळ्यात वेळ इंजेक्टर घेतो. नवा मागवायला बजेट नसेल तर आउटबोर्ड दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीकडे जुना आहे का विचारा. मात्र जुन्याच्या पॉपेटवर कार्बन बसलेला असतो, तो नीट काढल्याशिवाय फवारा एका बाजूला झुकतो आणि दोष टायमिंगवर जातो.

बाकीची यादी:
- दोन चॅनेलचा ड्रायव्हर, पीक-अँड-होल्ड प्रकारचा (उघडताना जास्त, मग धरून ठेवण्यापुरता कमी करंट देणारा). आर्डुइनो चालेल, पण वेळ हार्डवेअर टायमरने द्या. प्रोग्रॅममध्ये साधा डिले टाकून मिलिसेकंदाचं काम करू नका.
- हवा आणि इंधनासाठी वेगवेगळे रेग्युलेटर व गेज.
- काचेच्या खिडक्या असलेला प्रेशर चेंबर.
- नायट्रोजन सिलिंडर.
- करंट क्लॅम्प आणि ऑसिलोस्कोप.
- हाय-स्पीड कॅमेरा (बहुधा मागूनच आणावा लागेल), एलईडी दिवा आणि बटर पेपर.
- 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा.
- एन-हेप्टेन किंवा आयसो-ऑक्टेन.

पंपावरचं पेट्रोल चाचणीला नको. प्रत्येक खेपेला त्याची घडण बदलते, शिवाय आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एन-हेप्टेन 98 अंश सेल्सिअसला उकळतं, घनता 684 किलो प्रति घनमीटर. आकडे ठरलेले असल्याने तुमचे निकाल दुसऱ्यांच्या निकालांशी ताडून बघता येतात.

कागदांत विभागप्रमुखांची लेखी परवानगी, रसायनांची सुरक्षा-पत्रकं, चेंबरच्या दाब-चाचणीची नोंद आणि सिलिंडरची पावती. पेट्रोल साठवायचंच असेल तर 1934 चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत 'अ' वर्गातलं (पेट्रोलसारखं सहज पेटणारं) इंधन परवान्याशिवाय ठेवू देतो, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात: काचेचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीतून इंधन आणणारे दिसतात. तसं करू नका.

३. चेंबर भरण्यापूर्वी

80 मिलिमीटर व्यासाची खिडकी आणि बाहेरच्यापेक्षा 5 बार जास्त दाब, हे ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब केला तर त्या काचेवर अडीचशे किलोंचा भार येतो. म्हणून पहिली चाचणी पाणी भरून करा, कामाच्या दाबाच्या दीडपट. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काच तडकली तरी फक्त ओलं होतं. हवा भरून पहिली चाचणी घेणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

दुसरं म्हणजे चेंबरमध्ये हवा भरू नका, नायट्रोजन भरा. बारीक थेंबांचं धुकं आणि हवा यांचं मिश्रण ठिणगीची वाट बघत असतं. जमत असेल तर इंजेक्टरच्या 'हवे'च्या लाइनलाही नायट्रोजनच द्या. दोघांच्या रेणुभारात 28 आणि 29 एवढाच फरक, फवाऱ्याला तो जाणवत नाही.

लाइनला कंप्रेसरच जोडायचा असेल तर गोव्यातला पावसाळा विसरू नका. जुलैमध्ये टाकीखालचा कॉक उघडला की आधी गढूळ, तेलकट पाणी पिचकारीसारखं येतं आणि मग हवा. तेच पाणी रेग्युलेटर ओलांडून इंजेक्टरच्या पोकळीत गेलं तर कॅमेऱ्यात दिसणारे मोठे थेंब इंधनाचे आहेत की पाण्याचे, हे कळायला मार्ग उरत नाही. रोज सकाळी टाकी रिकामी करा, लाइनमध्ये वॉटर सेपरेटर आणि त्यापुढे सिलिका जेलचा ड्रायर लावा. काम झालं की पॉपेट पुसून हलकं तेल लावून ठेवा. खाऱ्या हवेत उघडं राहिलेलं पोलाद इथे फार दिवस टिकत नाही.

४. सिग्नलची वेळ वेगळी, व्हॉल्व्हची वेळ वेगळी

सोलेनॉइडला करंट दिल्याबरोबर व्हॉल्व्ह उघडत नाही. करंट चढायला, चुंबकीय बल साठायला आणि स्प्रिंगला हरवायला वेळ लागतो. हा उशीर मिलिसेकंदाच्या घरातला असतो, आणि तुम्ही अभ्यासताय ती गॅपही दोन-चार मिलिसेकंदांचीच असते. म्हणजे उशीर न मोजता काढलेला गॅपचा आकडा निम्म्याने चुकू शकतो.

मोजायचं असं: करंट क्लॅम्प लावून ऑसिलोस्कोपवर करंटचा आलेख पाहा. तो चढत असताना मध्येच एक छोटा खळगा दिसतो. आर्मेचर हलला की कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं, त्याची ती खूण. खळगा संपतो तिथे आर्मेचर टोकाला टेकलेला असतो. त्याच वेळी कॅमेऱ्यात पॉपेटभोवती पहिली चंदेरी कड कधी उमटते ते पाहा. दोन्ही वेळा एकमेकींना धरून आल्या की तुमचा उशीर हातात आला.

बंद होण्याचा उशीर वेगळा असतो, तो निराळा मोजा. आणि हे सगळं ज्या व्होल्टेजवर मोजलं त्याच व्होल्टेजवर पुढचे प्रयोग करा. थकलेली बॅटरी 12 वरून 11 वर उतरली की उघडण्याचा उशीर वाढतो. लाईट गेली म्हणून इन्व्हर्टरवर घेतलेले रीडिंग सकाळच्या रीडिंगांत मिसळू नका.

५. गॅप हलवून पाहा

खरा विषय इथे सुरू होतो. इंधनाचा पल्स आणि हवेचा पल्स दोन्ही स्थिर ठेवा, समजा 4-4 मिलिसेकंद. चेंबरमध्ये साधा वातावरणाचा दाब. आता गॅप −2, 0, 2, 4 मिलिसेकंद अशी बदला.

गॅप उणे असताना हवा वाहायला लागलेली असते आणि इंधन तिच्यात येऊन पडतं. ते पोकळीत फारसं साठत नाही, हवेच्या प्रवाहाबरोबर थेट बाहेर जातं. फवारा वेळेत पसरतो, सुरुवातीचा गच्च गोळा दिसत नाही. पण शेवटी आलेल्या इंधनाला हवेचा पुरेसा वेळ मिळत नाही, आणि त्यातलं काही आतच राहतं.

गॅप मोठी असताना उलट. इंधनाची धार पोकळीच्या भिंतीवर आदळते, पातळ थर होऊन खाली पॉपेटच्या आसनाशी जमते. व्हॉल्व्ह उघडला की हा साठा एकदम ढकलला जातो. कॅमेऱ्यात पहिल्या काही फ्रेममध्ये टोक काळं, जड दिसतं आणि मागून विरळ धुकं येतं. ही गोष्ट इंजेक्टर गरम असताना बदलते. गरम भिंतीवरचा थर गॅपच्या काळात थोडा उडून जातो आणि जास्त गॅप फायद्याची ठरू शकते. त्यामुळे कुठल्या तरी पेपरमधली 'उत्तम गॅप' उचलून आपल्या इंजेक्टरला लावू नका. पोकळीचा आकार, धार आदळते ती जागा आणि तापमान यांवर उत्तर फिरतं. चार बिंदूंचा आलेख तुम्हीच काढा.

आता एक सापळा, ज्यात बरेच अडकतात. इंधनाचा दाब हवेच्या दाबापेक्षा थोडाच जास्त ठेवलेला असतो. ऑप्टिमॅक्समध्ये हवा साधारण 80 पीएसआय आणि इंधन 90, म्हणजे फरक 10 पीएसआय, जवळपास 0.7 बार. इंधनाचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळानुसार ठरतो. गॅप उणे असेल तर इंधन चालू असतानाच हवेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पोकळीतला दाब पडतो. समजा 0.5 बारने पडला. फरक 0.7 चा 1.2 झाला, आणि 1.2 भागिले 0.7 चं वर्गमूळ 1.31. व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत इंधन 31 टक्के जास्त वाहतं. म्हणजे टायमिंग बदलतोय असं समजून तुम्ही प्रत्यक्षात इंधनाचं प्रमाणही बदललंत. मग 'उणे गॅपमध्ये फवारा लांब गेला' या निष्कर्षाला काही अर्थ राहत नाही.

उपाय वजनाचा. प्रत्येक गॅपला शंभर-दोनशे शॉट बंद बाटलीत गोळा करा, वजन करा आणि प्रति शॉट मिलिग्रॅम काढा. बाटली बर्फात ठेवा, नाहीतर आपल्या उकाड्यात हेप्टेन उडून जातं. वजन सारखं येईपर्यंत इंधनाचा पल्स कमी-जास्त करा. त्यानंतरच कॅमेरा सुरू करा.

६. हवेचा पल्स किती लांब

फार आखूड ठेवला तर पोकळी रिकामी होत नाही आणि उरलेलं इंधन पुढच्या शॉटमध्ये येतं. ओळखायची सोपी युक्ती: वीसेक शॉट इंधनासह मारा, मग इंधन बंद करून फक्त हवेचा एक शॉट मारा आणि त्याचं चित्रण करा. काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूने उजेड टाकून पाहिलं तर शिल्लक असेल तेव्हा पॉपेटच्या कडेवरून मोजकेच मोठे, आळशी थेंब सुटताना दिसतात. काहीच नाही दिसलं तर पल्स पुरेसा आहे.

फार लांब ठेवला तर शेवटी नुसतीच हवा जाते. थेंब अधिक बारीक होत नाहीत, कारण इंधन केव्हाच निघून गेलेलं असतं. कंप्रेसरचं काम मात्र वाढतं, आणि इंजिनात ते काम क्रँकच करतो.

एकूण हवा आणि इंधन यांचं वजनी प्रमाण जितकं जास्त तितके थेंब बारीक, हा ढोबळ नियम खरा आहे. पण सरासरी प्रमाणाने फसू नका. पहिल्या अर्ध्या मिलिसेकंदात हवा कमी आणि इंधन जास्त असू शकतं, आणि सगळ्यात मोठे थेंब तिथेच असतात.

७. चेंबरचा दाब आणि क्रँकचा कोन

बेंचवर मिलिसेकंद, इंजिनात अंश. दोघांना जोडणारा आकडा पाठ करा: 3000 आरपीएमला 1 मिलिसेकंद म्हणजे 18 अंश, 6000 ला 36.

हवेची लाइन गेजवर 6.5 बार, म्हणजे निरपेक्ष 7.5 बार आहे असं धरू. सिलिंडरमधला दाब याच्या 0.53 पटीपेक्षा, म्हणजे साधारण 4 बारपेक्षा, कमी असेपर्यंत प्रवाह चोक झालेला असतो. सिलिंडरचा दाब वाढला तरी बाहेर पडणारी हवा कमी होत नाही. 4 बारनंतर ती कमी होऊ लागते. 7.5 ला ती थांबते आणि पुढे उलटी वाहते, म्हणजे सिलिंडरमधला गरम वायू इंजेक्टरमध्ये शिरतो. (थेंब मिसळलेल्या हवेला 0.53 तंतोतंत लागू नाही, शुद्ध हवेचा अंदाज म्हणून घ्या.)

हे दाब कोणत्या कोनाला येतात? कॉम्प्रेशन रेशो 10, सुरुवात बीडीसीला (पिस्टन सगळ्यात खाली) 1 बार, कॉम्प्रेशनचा घातांक 1.3, कनेक्टिंग रॉड क्रँक त्रिज्येच्या साडेतीनपट. हिशेब केला तर 4 बार येतात टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) सुमारे 57 अंश आधी, आणि 7.5 बार सुमारे 37 अंश आधी. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असेल तर दोन्ही कोन टीडीसीकडे सरकतात. तुमच्या इंजिनाचे आकडे घालून हे स्वतः करा, स्प्रेडशीटवर तासाभराचं काम आहे.

आता उलटं मोजू. हवेचा व्हॉल्व्ह 40 अंश आधी बंद झालाच पाहिजे. 3000 आरपीएमला 4 मिलिसेकंद म्हणजे 72 अंश, तेव्हा तो 112 अंशाला उघडायला हवा. उघडण्याचा उशीर 1 मिलिसेकंद असेल तर सिग्नल 130 अंशाला. हे जमण्यासारखं आहे. 6000 ला तेच 4 मिलिसेकंद 144 अंश खातात, आणि व्हॉल्व्ह 184 अंशाला, म्हणजे बीडीसीच्याही आधी उघडावा लागतो. दोन-स्ट्रोक असेल तर तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट सताड उघडं असतं आणि सुरुवातीचा फवारा सायलेन्सरच्या वाटेला लागतो. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो फायदाच गेला. म्हणून वेग वाढला की हवेचा पल्स आखडता घ्यावा लागतो, आणि गॅपही.

लवकर आणि उशिरा इंजेक्शनचा फवाऱ्यावरचा परिणाम चेंबरमध्ये स्वच्छ दिसतो. 1 बारला फवारा पोकळ शंकूसारखा उघडतो, लांब जातो, कडेला भोवरे गुंडाळत सुटतात. लवकरच्या इंजेक्शनचं चित्र ते. इंधन सिलिंडरभर मिसळतं, पण पिस्टन आणि भिंत ओली होण्याचा धोका असतो. 4 बारला शंकू मिटू लागतो, टोक लवकर मंदावतं आणि फवारा इंजेक्टरजवळ गोळा होऊन राहतो. कमी लोडला स्पार्क प्लगजवळ गडद, म्हणजे इंधन जास्त असलेलं, मिश्रण हवं असतं तेव्हा हेच उपयोगी.

इथे एक गोष्ट बहुतेक रिपोर्टांत सुटलेली असते. इंजिनात 57 अंशाला 4 बार असताना हवा तापलेलीही असते. सुरुवात 330 केल्विनने केली तर त्या क्षणी साधारण 450 केल्विन, आणि घनता 3 किलो प्रति घनमीटरच्या आसपास. तुमच्या चेंबरमध्ये नायट्रोजन 300 केल्विनला आहे. त्यात 4 बार भरले तर घनता 4.5 होते. घनता 3 हवी असेल तर 2.7 बारच भरावे लागतात. थंड चेंबरमध्ये दाब आणि घनता एकाच वेळी जुळत नाहीत. बाहेर किती वेगाने आणि किती हवा पडेल हे दाबाच्या गुणोत्तरावर, आणि पडल्यावर फवारा किती दूर जाईल हे घनतेवर. माझा सल्ला असा की दोन्ही घ्या, 2.7 आणि 4, आणि आलेखावर दोन्ही रेषा दाखवा. इंजिनातलं खरं चित्र त्या दोघींच्या आसपास कुठेतरी आहे, असं मोकळेपणाने लिहा.

८. चित्रण आणि मोजणी

10,000 फ्रेम प्रति सेकंदाला दोन फ्रेममध्ये 0.1 मिलिसेकंद जातो. टोक 100 मीटर प्रति सेकंदाने धावत असेल तर ते तेवढ्यात 10 मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. एक्स्पोजर 5 मायक्रोसेकंद ठेवलं तरी अर्धा मिलिमीटर पुसट होणारच. पुसटपणा कमी करायला उजेड वाढवा, एक्स्पोजर घटवा. मागून एलईडी आणि मध्ये बटर पेपर, एवढ्यावर लांबी आणि शंकूचा कोन चांगला मोजता येतो.

शॉटनंतर चेंबरमध्ये धुकं तरंगत राहतं. नायट्रोजनचा हलका प्रवाह चालू ठेवा आणि पार्श्वभूमी पुन्हा स्वच्छ झाल्यावरच पुढचा शॉट मारा. धुक्यावर घेतलेल्या फ्रेममधून रिकामी फ्रेम वजा केली तरी थ्रेशोल्ड फसतो आणि फवारा आहे त्यापेक्षा रुंद मोजला जातो.

कोन नेमका कुठे मोजला ते लिहा, नॉझलपासून किती मिलिमीटरवर. एअर-असिस्टेड फवाऱ्याची बाजू सरळ नसते, जागा बदलली की कोन बदलतो. प्रत्येक बिंदूला किमान 20 शॉट घ्या आणि सरासरीबरोबर विचलनही द्या. गॅप बदलल्यावर शॉट-टू-शॉट फरक कसा बदलतो हाच अनेकदा सगळ्यात सांगण्यासारखा निकाल असतो.

थेंबांचा व्यास मोजायला लेझर डिफ्रॅक्शन किंवा पीडीए (फेज डॉप्लर अॅनिमोमेट्री) लागतं. तसं यंत्र हाताशी नसेल तर फोटोवरून मायक्रॉन सांगायला जाऊ नका. लांबी, कोन, क्षेत्रफळ आणि शिल्लक इंधन यांवर प्रोजेक्ट पूर्ण होतो.

आणि सगळी कोष्टकं एकदम भरायला निघू नका. चार गॅप, चार दाब, हवेचे तीन पल्स, प्रत्येकी 20 शॉट म्हणजे 960 शॉट होतात. आधी एका दाबाला गॅपची एकच रेष पूर्ण करा आणि गाईडना दाखवा. वजनं जुळलेली नसतील तर ती त्या एका रेषेतच उघडी पडतात, आणि तेव्हा परत करायला फक्त 80 शॉट असतात.